मधलं नाव नाही, म्हणजे नाहीच!

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितेय.

आमचं ऑफिस परळच्या एका दवाखान्याचं सॉफ्टवेअर सांभाळतं. आज सकाळी तिथे गेले, तर काउंटरवर करी रोडच्या एक ताई मोबाइल नाचवत भांडत होत्या. "रोज मेसेज येतो, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव भरा म्हणून! पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी दोन्ही लावत नाही. मग परत परत काय विचारता?"

मी तिथूनच आमच्या रोहनला फोन लावला. मेसेज कोणाला जाणार हे ठरवणारी क्वेरी त्याने लिहिलेली. साहेब म्हणतात, "अगं, मधल्या नावाच्या रकान्यात नल असो नि रिकामी स्ट्रिंग असो, मी दोन्ही एकत्रच पकडतो. रिकामं ते रिकामंच ना?"

अरे, रिकामंच कसं? नल म्हणजे आपण अजून विचारलेलंच नाही. रिकामी स्ट्रिंग म्हणजे मुद्दाम कोरं ठेवलेलं उत्तर: आपण विचारलं, आणि बाईने 'मधलं नाव नाही' असं उत्तर दिलं. डेटाबेसने ते नीट जपलं होतं. क्वेरीत तो फरक पुसला आपण!

वर हा विचारतो, "पण मधलं नाव नसतं का कुणाचं?"

तिथेच लॅपटॉप उघडून क्वेरी बदलली. ताईंना म्हटलं, आता मेसेज येणार नाही.

त्या म्हणाल्या, "मशीनचं झालं गं. आमच्या चाळीतले रोज हेच विचारतात, त्यांचं काय करशील?"

तुमच्यापैकी कुणाला काही उपाय सुचतोय?