देवरे सरांनी वाचलेला एक स्कॅन

स्कॅन सुरू करण्याआधी देवरे सर बाहेरच्या बाकावर पेशंटशेजारी जाऊन बसायचे आणि सगळ्यांसमोर विचारायचे, "वारा सरतो का?" सोबत आलेल्या सुना माना खाली घालायच्या. मळ्यातून आलेली म्हातारी माणसं मात्र मोकळी व्हायची. "नाय हो डॉक्टर, कालपासून कायच नाय. पोटाचा नुसता नगारा झालाय."

"मग आतडं कुठंतरी अडलंय," सर म्हणायचे. "कुठं ते बघू."

नाशकात तेव्हा सीटी स्कॅनची यंत्रं मोजकीच होती. आमच्या सेंटरमध्ये सर रेडिओलॉजिस्ट आणि मी टेक्निशियन. सर मूळचे सटाण्याकडचे. रंगात आले की बोलण्यात 'आहे'च्या जागी अहिराणी 'शे' डोकवायचं. फिल्म दिव्यावर लावली की ते गुदद्वारापासून उलटे वर सरकत. "खालून वर जायचं, शोभा. रिकामं आतडं संपून फुगलेलं जिथं सुरू होतं, तिथंच चोर शे." मोठ्या आतड्यात तो चोर बहुतेकदा कॅन्सर निघे. मग तो यकृतात पसरलाय का, ताणलेलं आतडं फुटायला आलंय का, ते पाहून सर सर्जनना फोन लावत. पेशंटला स्वतः सांगत, काही न लपवता. "अर्धं सांगितलं की उरलेलं माणूस स्वतः रचत बसतो," असं त्यांचं म्हणणं.

एका सकाळी ते आपल्या बायकोला, मालतीवहिनींना घेऊन आले. बरेच दिवस त्यांचं पोट साफ होत नव्हतं. सरांना न सांगता त्या ओवा आणि एरंडेल घेत राहिल्या. आदल्या दिवशी उलट्या सुरू झाल्या.

स्कॅन झाल्यावर मी म्हटलं, "सर, दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ या."

"का? माझे डोळे गेलेत का?"

ते खालून वर गेले. डाव्या बाजूला पेन थांबलं. नेहमीच्याच आवाजात सांगू लागले आणि मी लिहू लागले. गाठ आहे, मार्ग जवळजवळ बंद, मागचं आतडं खूप फुगलेलं. "यकृतात डाग."

माझा हात थांबला.

"लिही," सर म्हणाले. "अनेक."

मग बाहेर जाऊन त्यांनी वहिनींना सगळं सांगितलं, यकृताचंही. वहिनींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंत का तुम्ही?"

"नाही," सर म्हणाले.

त्याच दुपारी ऑपरेशन झालं. पोटावर शौचाची पिशवी लागली. ती सर स्वतः बदलत. पुढचा द्राक्षांचा हंगाम पाहून वहिनी गेल्या.

दिवसकार्य उरकून सर कामावर आले. दुपारी एका बाईंचा स्कॅन झाला. तशीच गाठ, तसेच डाग. सरांनी रिपोर्ट सांगितला, नेहमीसारखा बिनचूक, आणि चहा प्यायले. संध्याकाळी म्हणाले, "शोभा, मी थांबतो आता."

"थोडे दिवस सुट्टी घ्या ना, सर."

"सुट्टीनं काही होणार नाही. त्या बाईंचे डाग दिसले मला. सगळे दिसले. पण काही वाटलं नाही. अशा माणसानं दुसऱ्याचं पोट बघू नये."

त्यांनी चपला घातल्या आणि ते जिना उतरून गेले. पुढे सटाण्यालाच राहिले, असं कानावर आलं. त्या संध्याकाळी मी रोजच्यासारखं यंत्र बंद केलं आणि घरी जाऊन कुकर लावला. मलाही तेव्हा काही वाटलं नव्हतं.