आपाच्या खणातलं जवसाचं तेल

खणाच्या आतून काय लावायचं, हे मला चाळीस वर्षांत जेमतेम पाच-सहा गिऱ्हाइकांनी विचारलं असेल. बाहेरून मात्र सगळ्यांना चकचकीत पाहिजे. कपाट घरी आलं की पाहुणा दारावरून हात फिरवतो, सागवान आहे का म्हणून विचारतो, आणि झालं. खण ओढून आत वाकून कोण बघतं? पण कपडे, कागद, दागिने वर्षानुवर्षं राहतात ते आतच. म्हणून बाहेरच्यापेक्षा आतला विचार जास्त करावा लागतो असं मी मानतो, आणि या एका गोष्टीवरून वडशातल्या झाडून सगळ्या सुतारांशी मी एकदा तरी भांडलो आहे. स्वभावच तसा. राग कायम नाकावर.

बंद खणाला हवा लागत नाही. तेल किंवा तेलाचं वार्निश आत लावलं तर ते वाळता वाळत नाही, वास धरतं, चिकट राहतं. आत लावावा चपडा. चपडा म्हणजे आपल्याच जंगलातली लाख. पळसावर, कुसुमावर येते, धानोऱ्याकडची माणसं फांद्यांवरून खरवडून विकतात, आणि मग कुठून कुठून फिरून, साफ होऊन, पातळ पापुद्रे होऊन परत आपल्याच दुकानात येते. ती स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापडाच्या बोळ्यानं दोन हात मारायचे. स्पिरिट उडून जातं, लाख राहते. स्पिरिट नकोच असेल तर मधमाशांचं मेण गरम करून घासावं. त्यात दंडाचं पाणी होतं, पण लाकूड कोरडं राहतं आणि कागदाला काही होत नाही. हे मेणाचं मला तेव्हाही चांगलं माहीत होतं, हे आधीच सांगून टाकतो.

आता आपाबद्दल. आपा माझी मोठी बहीण, तेरा वर्षांनी मोठी. अम्मी गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. पुढं आपाचं लग्न झालं ते दोनच गल्ल्या पलीकडे, आणि सासरी जाताना ती मला बोटाला धरून सोबत घेऊन गेली. दुलाभाई, म्हणजे तिचे यजमान, रेल्वेत होते, देवमाणूस. त्यांनी कधी हूं की चूं केलं नाही. आपा मोहल्ल्यातल्या पोरींना उर्दू शिकवायची. घरात आमची बोली हिंदी, पण भांडायला आणि अगदी मनातलं बोलायला आम्हा दोघांना मराठीच लागायची. शेजार सगळा धानवाल्या शेतकऱ्यांचा, त्यांच्याच अंगणात वाढलेलो आम्ही.

अम्मीची म्हणून एकच वस्तू उरली होती. एक वही. शाईनं, उर्दूत, पानाच्या दोन्ही बाजूंनी भरगच्च लिहिलेली. दुआ, लग्नातली गाणी, खोकल्यावरचे काढे, कोणाला कधी काय झालं, सगळं एकात एक. मी मराठी शाळेतला, मला उर्दू येत नाही. त्यामुळे अम्मी काय म्हणत होती ते मला आपाच्या तोंडूनच कळायचं. त्यात एक पान माझ्या जन्माच्या दिवसाचं होतं. पोरगं सावळं आहे, रडतं फार, अल्ला याला थोडा सबर देवो, असं काहीतरी अर्ध्या पानभर. दर रमजान ईदेला शीरखुर्मा झाला की आपा ते पान वाचायची आणि सबर, म्हणजे सबुरी, हा शब्द आला की सगळे माझ्याकडे बघून हसायचे. मी रागावल्यासारखं करायचो. अम्मीचा चेहरा मला आठवत नाही. आई म्हणून माझ्याजवळ जे काही होतं ते त्या पानावर होतं. दुलाभाई म्हणायचे, एकदा झेरॉक्स काढून ठेवा. उद्या काढू, उद्या काढू, असं करता करता ते राहूनच गेलं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका पावसाळ्यात वहीला कसर लागली. कडा कुरतडलेल्या दिसायला लागल्या तशी आपा घाबरली. पत्र्याच्या पेटीत ठेवत होती ती, पेटीला आतून गंज. मला म्हणाली, तीन खणांचं एक लहानसं कपाट करून दे. वरच्या खणात फक्त वही ठेवीन. मी म्हटलं, हे काय सांगणं झालं? दर्शनी फळ्या आलापल्लीच्या सागवानाच्या काढल्या, खण शिवणीच्या हलक्या लाकडाचे केले. बहिणीचं काम. सांधे असे बसवले की वरचा खण बोटानं ढकलला तर आतली हवा फुस्स करून बाहेर पडायची. इतकं सुबक काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि नंतरही फार वेळा झालं नाही.

पॉलिशच्या दिवशी आपा वही घेऊनच दुकानात आली, खणात बसते का पाहायला. आमच्याकडं दिवाळीनंतर गावोगाव नाटकं होतात, तो हंगाम ओसरत आला होता आणि एका मंडळीची दोन माणसं पडदे ठेवायच्या पेट्या दुरुस्त करून न्यायला बसली होती. आपाला बाटलीचा वास आला. हे काय म्हणाली. मी सांगितलं, स्पिरिट. म्हणजे दारूच ना, म्हणाली. मी समजावलं की पिण्याची नाही, आणि वाळल्यावर टिपूस उरत नाही. ती मान हलवत राहिली. मग मी वही घ्यायला हात पुढं केला, तर तिनं वही छातीशी ओढली.

‘‘आधी हात धू,’’ ती म्हणाली. ‘‘दारूचा वास येऊन राह्यला तुह्या हाताले.’’

नाटकवाले फिसकन हसले. एकजण म्हणाला, काऊन भाऊ, सकाळपासूनच का? आपाच्या ते ध्यानातही आलं नाही. ती बिचारी खरंच फक्त हाताबद्दल बोलत होती. पण मी आयुष्यात थेंबाला शिवलो नव्हतो, आणि नाटकवाल्यांच्या तोंडी गोष्ट लागली म्हणजे ती गावभर होणारच. माझं डोकं असं तापलं की हात धुताना साबण कुठं आहे ते दिसेना.

दोन दिवसांनी ती परत आली. मौलानासाहेबांना विचारून आली होती. ते म्हणाले होते, वाळल्यावर काही हरकत नाही, खुशाल लाव. तरी हिचं मन मानत नव्हतं. जायज असेल, पण अम्मीच्या वहीखाली नको, म्हणाली. त्यापेक्षा जवसाचं तेल लाव. पोळपाटाला आपण लावतोच की, अम्मीही लावायची. आमच्याकडं जवस खाण्यातलंच तेल. घरात असतं, स्वच्छ असतं, पोळपाट वर्षानुवर्षं टिकतो. तिचं काही चुकत नव्हतं. पोळपाट रोज धुतला जातो, रोज उन्हावाऱ्याला पडतो, हे तिनं कशाला जाणावं? ते मी जाणायचं.

तिथंच मी मेणाचं सांगायला पाहिजे होतं. एका वाक्याचं काम. पण नाटकवाल्याचं ते हसणं अजून कानात होतं. मी म्हटलं, ‘‘तुले तेलच पाहिजे ना? घे तेल.’’ आणि लावलं. पुसून पातळ हात द्यावा तर तेही नाही, चांगले चार हात, तळाला तर बदाबद. महिनाभरात खणाला कुबट वास सुटेल, आपा नाक मुरडत येईल, मग मी ऐकवीन, असा माझा बेत. वही खराब व्हावी असं माझ्या मनात नव्हतं. खोटं नाही बोलत. पण ती खराब होईल का, हा विचारही मी केला नाही.

आपा आलीच नाही. वास तर सुटला असणारच. उन्हाळ्यात मी मुद्दाम तिच्याकडं गेलो, खोलीत शिरताच मला तो आला. पण तिनं तोंडातून ब्र काढला नाही. वरचा खण तिनं गच्च लावून ठेवला होता आणि त्यावर अत्तराचा बोळा. हट्ट तिचाच होता ना. आता तक्रार कोणत्या तोंडानं करणार? मी मनात म्हटलं, बघू किती दिवस दम धरते. एका आईची लेकरं आम्ही, कोणी कोणाला हार जायचं नाही. आणि खण तसाच बंद राहिला, पूर्ण पावसाळा.

रमजान ईदेला शीरखुर्मा झाला. आपा वही आणायला आत गेली आणि बराच वेळ आलीच नाही. मी जाऊन पाहिलं तर ती जमिनीवर बसली होती. वही तळाला चिकटलेली तिनं कशीबशी सोडवली होती. पानं तेल पिऊन पिवळी, काचेसारखी आरपार झालेली. या बाजूची अक्षरं त्या बाजूच्या अक्षरांत मिसळून गेलेली. पानाला पान डिंकानं बसवल्यासारखं. एक पान सोडवायला गेली तर ते मधोमध फाटलं. माझं पान शेवटाकडं होतं. ते कुठं होतं हेही कळत नव्हतं.

‘‘जिद्द मीच केली,’’ आपा म्हणाली.

दुलाभाई दारात उभे होते. त्यांनी मला अगदी साधेपणानं विचारलं, ‘‘तुले माहीत नव्हतं का, असं होते म्हून?’’

मी म्हटलं, ‘‘नाई.’’

आपानं ते पान पाठ म्हणून दाखवायचा प्रयत्न केला, माझ्यासाठी. सावळं आहे, रडतं फार, इथवर आलं. पुढं मधलं काही तिला आठवेना. ती पुन्हा पहिल्यापासून म्हणायची, पुन्हा तिथंच अडायची. त्या ईदेला कोणी हसलं नाही. मी हात धुवायच्या निमित्तानं मोरीत जाऊन रडलो. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काय असतं, ते मला तेव्हा कळलं. नंतर मी खण दुकानात आणला, तळ नवा घातला, बाजू रंध्यानं कोऱ्या केल्या आणि मेण घासून दिलं. आपानं विचारलं, हे मेणाचं कुठं शिकलास? मी म्हटलं, आता एकाकडं पाहिलं.

चार-पाच वर्षांनी आपा आणि दुलाभाईंचा हजचा नंबर लागला. आमच्यात हजला निघायच्या आधी माणूस घरोघर जातं. नातेवाईक, शेजारी, ज्याच्याशी कधी वाकडं बोललो असू त्या प्रत्येकाला भेटून म्हणतं, कहा-सुना माफ करा. मन साफ केल्याशिवाय तिकडं जायचं नसतं. मला वाटलं, बस, हीच वेळ. ती माझ्याकडं येणारच, तेव्हा सगळं सांगून टाकायचं. रंधा मारता मारता मी वाक्यं पाठ केली. मेण माहीत होतं. रागानं केलं. खोटं बोललो. तीन वाक्यं, जास्त नाही.

ती सकाळी दुकानात आली. मी फळीवरचा भुसा झटकला, ती बसली. मी तोंड उघडायच्या आत तिनं माझे दोन्ही हात धरले.

‘‘अम्मीचं ते पान तुहं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘माह्या जिद्दीनं गेलं. तू एक दिवस मले बोलला नाईस. मले माफ कर, नाईतर माहा हज कबूल नाई होणार.’’

माझी तिन्ही वाक्यं तयार होती. तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि एकही निघालं नाही. निघायच्या तोंडावर तिच्या डोक्याला घोर कशाला, असं मी नंतर स्वतःला बरेचदा सांगितलं. खरं असं आहे की मी भ्यालो. ती उठून गेली तर, याला भ्यालो.

मी म्हटलं, ‘‘माफ केलं, आपा.’’

तिला रडू फुटलं. इतकी वर्षं तिच्या मनावर ते होतं हे मला तेव्हा दिसलं. तिनं माझ्या कपाळाचा मुका घेतला आणि डोळे पुसत पुढच्या घरी माफी मागायला गेली.

ती हजहून आली, झमझमचं पाणी आणि खजूर पहिल्यांदा मला दिले. त्यालाही वीस वर्षं होऊन गेली. दुलाभाई आता नाहीत. आपा पंचाहत्तरीला आली आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तिला पुन्हा नीट दिसायला लागलं आहे. तोंडानं सांगायला मी किती वेळा गेलो आणि चहा पिऊन परत आलो, त्याची गणती नाही. आपाला मराठी वाचता येते. उद्या हे कागद तिच्या हातात देणार आहे, आणि तिचं वाचून होईपर्यंत तिथंच बसणार आहे.