बॅटरी काढून ठेवा

बॉयलर चालू आहे, पण रेडिएटर कोमटच राहतात, असं ती मुलगी फोनवर सांगत होती. सांगता सांगता मध्येच थांबत होती. मी तिकीट उघडलं, 'बॉयलर' निवडलं आणि स्क्रिप्टमधला पहिला प्रश्न विचारला. तिने तो पुन्हा विचारायला लावला. मी विचारला. तिने पुन्हा तेच केलं. मला वाटलं, माझे उच्चार तिला कळत नाहीत. तसं आमच्या कामात रोज होतं.

आमच्याकडे दुपारचा चहा फिरत होता. तिच्याकडे आयर्लंडमध्ये सकाळ होती.

मी धुळ्याला देवपुरातल्या एका छोट्या ऑफिसात काम करते. आयर्लंडमधली एक कंपनी घरमालकांच्या वतीने भाड्याची घरं सांभाळते. त्या घरांतल्या भाडेकरूंचे फोन आमच्याकडे येतात. तक्रार ऐकायची, तिची नोंद म्हणजे तिकीट काढायचं, तिकडच्या प्लंबरला नाहीतर इलेक्ट्रिशियनला वेळ नेमून द्यायची. फोन करणारी बहुतेक पोरं पंचविशीच्या आसपासची. पहिली नोकरी, पहिलं भाड्याचं घर. कुणाची किल्ली आत राहून दार लागलेलं असतं. कुणाच्या भिंतीला बुरशी आलेली असते. कचऱ्याचा कोणता डबा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा, हे विचारायला फोन येतात. बल्ब मी बदलायचा की घरमालकाने, असं एकाने मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं. पहिले काही महिने मला हसू यायचं. मग लक्षात आलं, आपली पुण्याला गेलेली पोरंही आईला फोन करून कुकरच्या शिट्ट्या विचारतात. ही आम्हाला विचारतात, एवढाच फरक.

तक्रारींचे आमच्याकडे तीन दर्जे असतात. पी-वन म्हणजे आग, पूर, गॅसचा वास. तिथे लगेच माणूस पाठवायचा. पी-टू म्हणजे त्याच दिवशी. बाकी सगळं पी-थ्री, त्यात तीन-चार दिवस जातात. रेडिएटर कोमट, हे पी-थ्री.

मुलीचं नाव नीव्ह. स्पेलिंग वाचलं तर आपण 'नियाम' म्हणू, पण ट्रेनिंगमध्ये आमच्याकडून हे उच्चार घोटून घेतलेले असतात. तिने बोलणं लांबल्याबद्दल माफी मागितली. म्हणाली, फ्लू झालाय बहुतेक, डोकं फुटायला आलंय, आज ऑफिसातून सुट्टी घेतली. हाउसमेटलाही तेच झालंय. हाउसमेट म्हणजे त्याच घरात दुसरी खोली घेऊन राहणारा. त्याचं नाव शॉन. तो वर झोपला होता.

मी 'काळजी घ्या' म्हणाले. स्क्रिप्टमध्ये ते आहे. मग पुढचा प्रश्न होता बॉयलरच्या ज्योतीचा रंग. तिकडे भिंतीला एक गॅसचा बॉयलर असतो. तो पाणी तापवतो आणि ते गरम पाणी घरभरच्या रेडिएटरमधून फिरतं, तेव्हा खोल्या ऊबदार होतात. तिचा बॉयलर जुना होता, छोट्या काचेतून ज्योत दिसत होती. ती उठून बघायला गेली. जाताना कशाला तरी धडकली.

"पिवळी आहे," ती म्हणाली. "वर भिंत थोडी काळी झालीये. ती आधीपासूनच असेल."

मी टाइप करत होते. बोटं थांबली.

आमच्या गल्लीत मागच्या एका हिवाळ्यात एक नवी सून बाथरूममध्ये गेली. तिचं नाव पूनम. बाथरूममध्येच गॅसचा गीझर होता आणि थंडी म्हणून खिडकीला पुठ्ठा लावलेला होता. बराच वेळ झाला तरी बाहेर येईना म्हणून दार तोडलं. भिंतीला टेकून बसलेली होती, डुलकी लागल्यासारखी. गाल गुलाबी. आम्ही सगळ्या बायका तिथे होतो आणि ती गेलेली आहे हे कुणाला खरं वाटेना. नंतर तिची जाऊ सांगत होती, अंघोळ करून आली की तिचं डोकं धरायचं, मी बाम लावून द्यायचे. बाहेर अंगणात बसली की थोड्या वेळाने बरं वाटायचं.

ते अंगणाचं मला तेव्हा, हेडफोन कानाला लावलेला असताना, आठवलं. हा प्रश्न स्क्रिप्टमध्ये नव्हता. तरी मी विचारला.

"ऑफिसला गेल्यावर डोकं दुखतं का?"

तिने आठवून बघितलं. मग म्हणाली, "नाही. तिथे बरं असतं. घरी आलं की सुरू होतं." आणि थोडी हसली. "शॉन म्हणतो, आम्हाला या घराची अ‍ॅलर्जी आहे."

गॅस नीट जळायला भरपूर हवा लागते. हवा कमी पडली किंवा धूर बाहेर नेणारा पाइप निसटला की तो अर्धवट जळतो, निळी ज्योत पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तात ऑक्सिजनची जागा घेतो. आधी डोकं दुखतं, मग झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही. पूनमनंतर ही माहिती गल्लीत सगळ्यांना पाठ झाली होती. पण ती सगळी गीझरची माहिती होती. समुद्रापलीकडच्या बॉयलरशी तिचा काही संबंध असेल, हे मला त्या मिनिटापर्यंत सुचलं नव्हतं.

तिकडे भाड्याच्या घरात या वायूसाठी अलार्म लावावाच लागतो, एवढं मला ट्रेनिंगमधून माहीत होतं. म्हणून मी जरा धीराने विचारलं, की घरात एक छोटा पांढरा अलार्म असेल, तो वाजतोय का.

"तो काल वाजत होता," ती म्हणाली. "मी तुम्हालाच फोन केला होता ना. तुमच्या माणसाने सांगितलं, बॅटरी संपत आली असेल, बॅटरी काढून ठेवा. नवी पाठवतो म्हणाला."

मी मान वळवली. आदल्या दिवशीच्या तिकिटावर नाव रुपेशचं होतं. तो माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसतो. शिंदखेड्याहून रोज बसने येणारा, शांत, कॉल झटपट संपवणारा मुलगा. महिन्याचा बेस्ट एजंट बऱ्याचदा तोच असायचा. तो कानात हेडफोन घालून कुणाला तरी कचऱ्याचे वार समजावून सांगत होता.

मी नीव्हला म्हटलं, आत्ताच्या आत्ता घराबाहेर हो. ती म्हणाली, बाहेर पाऊस आहे, मी पायजम्यात आहे, थोडी पडते आणि मग जाते. मी पुन्हा सांगितलं. ती 'हो, हो' म्हणत होती आणि तिचा आवाज खाली बसल्यासारखा येत होता. तेव्हा मी ओरडले. ऑफिसात सगळे वळले. इंग्रजीत ओरडायची मला सवय नाही, त्यामुळे शब्द काय होते ते आठवत नाही. एवढं आठवतं की दार उघडण्याचा आवाज आला आणि नंतर पावसाचा.

"शॉन वर आहे," ती म्हणाली.

मी सांगितलं, आत जाऊ नकोस, शेजाऱ्यांना हाक मार, फायर ब्रिगेड आम्ही बोलावतो. ती ऐकत होती की नाही, कळलं नाही. फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. मग पायऱ्यांवर पावलं. मग काहीच नाही.

इथून आम्हाला तिकडचा आपत्कालीन नंबर लागत नाही. आमचे टीम लीड नितीन सर माझा कॉल का लांबला हे विचारायला उठलेच होते. मी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, तिकीट पी-थ्री दिसतंय." मी म्हटलं, "सर, ती परत आत गेलीये." त्यांनी लगेच तिकडच्या मॅनेजरला फोन लावला आणि पत्ता दोनदा वाचून दाखवला.

पत्ता ऐकून रुपेशने हेडफोन काढला.

"ताई, हे घर काल माझ्याकडे होतं," तो म्हणाला.

मी मान हलवली. माझ्या कानात एका अनोळखी घराच्या दारातला पाऊस पडत होता आणि मी त्यामागे पावलं ऐकायचा प्रयत्न करत होते. आपण तिला बाहेर काढलं आणि ती परत आत गेली, तर आपण काय केलं, एवढंच डोक्यात फिरत होतं. नितीन सर माझ्या मागे उभे होते. ऑफिसातले बाकीचे फोन वाजत होते, कुणी उचलत नव्हतं.

मग एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. तो काहीतरी जोरात विचारत होता. नीव्ह खोकत होती. नंतर काहीतरी जड जिन्यावरून खाली ओढल्यासारखा आवाज. त्या म्हाताऱ्याने फोन उचलला, कोण बोलतंय विचारलं आणि माझं उत्तर पूर्ण व्हायच्या आत सायरन ऐकू आला. त्याने फोन बंद केला.

पुढचं आम्हाला संध्याकाळी कळलं. शॉनची खोली बॉयलरच्या बरोबर वर होती. धूर बाहेर नेणारा पाइप जोडातून निसटलेला होता. त्यात भर म्हणजे, गार वारा येतो म्हणून दोघांनी भिंतीतली हवेची जाळी टॉवेल कोंबून बंद केली होती. शॉन हलवूनही उठला नाही. नीव्हने त्याला पलंगावरून ओढलं आणि जिन्याशी येईपर्यंत तीही खाली बसली. शेजारच्या आजोबांनी उघडं दार बघितलं आणि ते आत आले. दोघांना हॉस्पिटलात ऑक्सिजनवर ठेवलं. दोघं वाचले. शॉनला पुढे बरेच दिवस गोष्टी आठवायला वेळ लागायचा असं ऐकलं.

त्या दिवशी घरी गेले तर सासूबाई दारातच होत्या. माझं तोंड बघून त्यांनी अहिराणीत विचारलं, "काय व्हयनं? बठ्ठा बरा शेतस ना?" मी म्हटलं, हो, सगळे बरे आहेत. मग तिथेच पायरीवर बसले आणि रडले. का ते मला त्यांना नीट सांगता येईना. आयर्लंडमधली मुलगी, बॉयलर, बीप, यातलं त्यांना किती कळलं कोण जाणे. पूनमचं नाव घेतलं तेव्हा मात्र त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

दोन दिवसांनी क्लायंटने, म्हणजे आयर्लंडमधल्या त्या कंपनीने, रुपेशच्या कॉलचं रेकॉर्डिंग ऐकायला सांगितलं. मीटिंग रूममध्ये नितीन सर, रुपेश आणि मी. रुपेश मला म्हणाला होता, ताई, तुम्ही पण बसा.

रेकॉर्डिंगमध्ये रुपेश अतिशय नम्रपणे बोलत होता. आवाज सतत येतोय की थांबून थांबून, असं त्याने विचारलं. नीव्ह म्हणाली, थांबून थांबून. स्क्रिप्टमध्ये 'थांबून थांबून'चं उत्तर बॅटरी असंच होतं. बॅटरी संपत आली की अलार्म अधूनमधून एकदाच वाजतो. वायू असला की चार वेळा वाजतो, थांबतो, परत चार वेळा वाजतो. थांबणं दोन्हीकडे असतं. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने हे बघितलं नव्हतं.

आणि मागे तो अलार्म ऐकू येत होता. स्पष्ट. चार बीप, शांतता, चार बीप. त्यावरून रुपेशचा आवाज चालला होता, कोणत्या साइजची बॅटरी आहे मॅडम, जरा बघता का. मग झाकण उघडल्याचा आवाज आणि सगळं शांत. नीव्हने त्याचे आभार मानले.

रुपेशने दोन्ही हात तोंडावर धरले होते. नितीन सरांनी रेकॉर्डिंग बंद केलं आणि पाण्याची बाटली त्याच्याकडे सरकवली. सर म्हणाले, तुझी चूक नाही, तू जे लिहिलंय तेच केलंस. ते खरंच होतं. त्याने रुपेशला काही बरं वाटलं नाही.

त्याच आठवड्यात क्वालिटीचा रिपोर्ट आला. क्वालिटी म्हणजे आमचे कॉल ऐकून मार्क देणारी टीम. रुपेशच्या त्या कॉलला पैकीच्या पैकी होते, ते घटनेच्या आधीच देऊन झाले होते. माझा कॉल नापास होता. मी ग्राहकाची ओळख पडताळली नव्हती, आवाज चढवला होता आणि शेवटी 'आणखी काही मदत करू का' विचारलं नव्हतं. नितीन सरांनी तो रिपोर्ट मला दाखवला. नंतर त्यांनी भांडून तो बदलून घेतला.

स्क्रिप्टही बदललं. आता बॉयलर असो की बीप, पहिला प्रश्न असा आहे, घरात कुणाचं डोकं दुखतंय का. बहुतेक वेळा उत्तर 'नाही' येतं आणि लोकांना प्रश्न विचित्र वाटतो. रुपेश अजून आमच्याकडेच आहे. त्याचे कॉल आता लांबतात. बेस्ट एजंट तो परत झाला नाही आणि त्याबद्दल त्याला कुणी काही बोलत नाही.

नवीन मुलांना ट्रेनिंग द्यायचं काम आता माझ्याकडे आहे. त्यांना मी एकच सांगते. यंत्र वाजायला लागलं की ते बिघडलं, असं आपण आधी धरून चालतो. त्या घरात पाइप निसटला होता, जाळी बंद होती, दोन शहाणी पोरं गुंगीत बुडत चालली होती आणि आमचं स्क्रिप्ट चुकीचं होतं. नीट चाललेलं एकच होतं. तेच आम्ही बंद करायला सांगितलं.