बाबांच्या डिस्कांची कव्हरं

रत्नागिरीत राम आळीच्या मागच्या गल्लीत राजश्री नागवेकरचं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, आंब्याच्या पेट्यांवरची लेबलं, पासपोर्ट फोटो, येईल ते काम ती करते. पण मध्यंतरीची काही वर्षं तिला एका वेगळ्याच कामासाठी लोक ओळखत होते. पार नागपूरपासूनचे. राजश्री जुन्या व्हिडिओ गेमच्या डब्यांची कव्हरं करायची.

हा नाद घरातूनच आला. तिचे बाबा, गंगाराम नागवेकर, बोटीवर होते. पोरं शाळेत असताना त्यांनी सिंगापूरहून गेमचं मशीन आणलं, आणि पुढे दर खेपेला बॅगेतून डिस्का येत राहिल्या. सुट्टीवर आले की दुपारी जेवण झाल्यावर तेही पोरांत बसायचे आणि दरवेळी हरायचे. राजश्री आणि तिचा धाकटा भाऊ सुजय, दोघांत डिस्कांवरून मारामाऱ्या व्हायच्या. म्हणून राजश्रीनं आपल्या डिस्कांच्या आतल्या कडेला आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून ठेवला होता.

बाबा गेले तोवर समुद्राकाठच्या मांडवीतल्या त्यांच्या घरातल्या खाऱ्या, ओल्या हवेनं डिस्कांच्या डब्यांची दशा करून टाकली होती. डिस्का धड होत्या, पण प्लास्टिकच्या आतले चित्रांचे कागद बुरशीनं काळे पडले होते, एकमेकांना चिकटले होते. राजश्री सावर्ड्याच्या कला महाविद्यालयात चित्रकला शिकलेली. तिनं एकेक कागद सोडवला, स्कॅन केला, जिथे चित्र उरलंच नव्हतं तिथे स्वतः रंगवून काढलं.

खरी अडचण मापाची. दोनशे त्र्याहत्तर मिलिमीटर रुंद, एकशे त्र्याऐंशी उंच, आणि मधला कणा, म्हणजे डब्याच्या कडेवरची नावाची पट्टी, बरोबर चौदा. कण्यात एका मिलिमीटरची चूक झाली तरी नाव वळून पुढच्या बाजूला येतं आणि डबा कुबड आल्यासारखा दिसतो. कॉम्प्युटर तर विचारल्याशिवाय चित्र कागदाएवढं करून मोकळा होतो. तिनं आधी रद्दी कागदावर छापून, पट्टीनं मोजून, कापून, घडी घालून पाहिलं. किती कागद वाया गेले ते तीच जाणे. शेवटी एक कव्हर प्लास्टिकखाली सर्रकन सरकलं आणि चारी कडांना बरोबर बसलं. तेव्हा ती दुकानात एकटीच हसली.

सुजयनं त्याचे फोटो जुन्या गेमच्या शौकिनांच्या ग्रुपवर टाकले आणि लोक मागायला लागले. कामाची वाटणी आपोआप झाली. छापायचं राजश्रीनं, गिऱ्हाइकांशी बोलणं आणि पार्सल पाठवणं सुजयचं. तो तेव्हा नोकरी सोडून घरीच होता. राजश्रीनं दोन नियम घातले होते. ज्याच्याकडे खरी डिस्क आहे त्यालाच कव्हर द्यायचं, आणि प्रत्येक कव्हरच्या कण्यावर तळाशी बारीक "रा" असलाच पाहिजे, म्हणजे आपलं काम कुणी अस्सल म्हणून खपवणार नाही.

एकदा सुजय दुकानात आला आणि स्टुलावर बसून म्हणाला, "ताई, बाबांच्या डिस्कांवर तुझा तो 'रा' कशाला गो? त्यांनी आणल्या तशाच दिसू देत ना. तेवढ्यांची परत काढ. त्यांच्या आठवणीला."

राजश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. भावाला आपल्याआधी हे सुचलं, याचं तिला कौतुक वाटलं. तिनं बाबांच्या डिस्कांची कव्हरं "रा" न घालता नव्यानं छापली. कागदसुद्धा चांगल्यातला वापरला. सुजयनं ती जपून घरी नेली, कपाटात लावली आणि कपाटाला कुलूप घातलं. "शेजारची पोरं हात लावतात," म्हणाला.

त्यानंतर वर्षभरानं दुकानात एक गृहस्थ आले. मंडणगडच्या शाळेत शिक्षक होते, दीपक महाडिक नावाचे. एसटीतून उतरून थेट इकडेच आले होते. पिशवीतून त्यांनी बुरशी लागलेली चार-पाच कव्हरं काढली आणि शेवटी रुमालात गुंडाळलेला एक डबा अलगद टेबलावर ठेवला.

"मॅडम, हे तेवढं अस्सल आहे बघा," ते म्हणाले. "मुंबईच्या एका माणसाकडून कुरिअरनं मागवलं. फार शोधलं होतं मी. तुम्हाला नमुना म्हणून आणलंय. बाकीची अगदी अशी झाली पाहिजेत."

समुद्री चाच्यांच्या गेमचा डबा होता तो. राजश्रीनं तो उलटा केला. मागच्या चित्रात, खालच्या कोपऱ्यात, लाटांवर एक छोटीशी होडी होती. पुढे निमुळती, मिरकरवाड्याच्या बंदरात असतात तशी. मूळ कागदावर त्या जागी बुरशीनं भोक पडलं होतं. ती होडी राजश्रीनं मनानं काढली होती.

तिनं डबा उघडला, डिस्क काढली. आतल्या कडेला लाल ठिपका होता.

गप्प राहता आलं असतं. माणूस खुशीत होता, त्याला काही कळणार नव्हतं. पण राजश्रीनं त्यांना बसायला खुर्ची दिली आणि सांगून टाकलं. "सर, डिस्क खरी आहे. माझ्या वडिलांची आहे. कव्हर मी छापलंय. इथेच, ह्या मशीनवर."

दीपक सरांचा चेहरा कडवट झाला. "म्हणजे तुम्ही छापायचं आणि तुमच्या माणसानं अस्सल म्हणून विकायचं. चांगलं चाललंय."

"मला आत्ता कळतंय, सर."

"असं सगळेच म्हणतात." त्यांनी डबा रुमालात बांधला, बाकीची कव्हरं पिशवीत कोंबली आणि चहा न घेता निघून गेले.

राजश्रीनं शटर ओढलं आणि रिक्षा करून घर गाठलं. सुजय जेवत होता. आई, सावित्री, त्याला तळलेला बांगडा वाढत होती.

"कपाटाची चावी दे."

"जेवू दे की गो त्याला," आई म्हणाली.

चावी खुंटीवरच होती. राजश्रीनं कपाट उघडलं. डबे ओळीनं नीट लावलेले होते. तिनं एक काढला. त्याच्या कण्यावर "रा" होता. तिची पहिली, जुनी कव्हरं, बाजारातल्या नव्या डब्यांवर घातलेली. आत डिस्क नव्हती. दुसऱ्यातही नव्हती. एकाही डब्यात नव्हती.

"बाबांच्या डिस्का विकल्यास तू?"

सुजयनं घास गिळला. "धूळ खात पडल्या होत्या. कोण खेळतंय आता? मुंबईच्या एकाच्या हातून ज्यांना पाहिजेत त्यांच्याकडे गेल्या."

"तू मला म्हणालास, बाबांच्या आठवणीला."

"तसं म्हटल्याशिवाय तू तो 'रा' काढला असतास?"

इतक्या सहज बोलला तो. राजश्रीनं आईकडे पाहिलं. आई बांगड्याची थाळी हातात धरून तशीच उभी होती. तिला धक्का बसलेला नव्हता.

"आई, तुला ठाऊक होतं?"

"पार्सलांना चिकटपट्टी मीच लावून द्यायची," आई हळूच म्हणाली. "जाऊ दे बाय. घरातली गोष्ट आहे. त्याचंही काहीतरी बस्तान बसायला हवं ना."

राजश्री उलट्या पावली दुकानात आली. तिनं ग्रुपवर स्वतःच्या नावानं लिहिलं. कुठल्या गेमची कव्हरं आपण छापली, ती कशी ओळखायची, होडीचासुद्धा फोटो टाकला. ज्यांची फसवणूक झाली त्यांनी आपल्याशी बोलावं, असंही लिहिलं. थोड्याच वेळात ते लिखाण गायब झालं. ग्रुप सुजयच्याच हातात होता. त्यानं तिला काढून टाकलं आणि वर लिहिलं, की बहीण खोटी कव्हरं करत होती, आपल्याला पत्ताच नव्हता, झाल्या प्रकाराबद्दल आपण सगळ्यांची माफी मागतो.

मग फोन सुरू झाले. जी माणसं तिच्या कामाचं तोंड भरून कौतुक करायची, तीच तिला चोरटी म्हणाली. ती प्रत्येकाला तेच सांगत राहिली. काहींनी ऐकून घेतलं, बऱ्याच जणांनी मधेच फोन ठेवला. तिच्या बाजूनं जाहीरपणे बोलला तो एकच माणूस. दीपक सरांनी ग्रुपवर लिहिलं, "मला काहीच कळलं नव्हतं. ह्या बाईंनी आपणहून सांगितलं. चोर असं सांगत नाही. मी त्यांना वाटेल ते बोललो, ते चुकलं." सुजयनं त्यांनाही काढून टाकलं. पण तोवर पुष्कळांनी वाचलं होतं, आणि महिन्याभरात तो ग्रुपच मोडला. सुजय मुंबईला निघून गेला. जाताना दुकानावरून गेला, पण थांबला नाही.

मांडवीच्या घरात राजश्री राहू शकली नाही. भांडण असं झालंच नाही. आई वाढायची, ती जेवायची, आणि दोघींमध्ये तो विषय दगडासारखा पडून राहायचा. शेवटी तिनं दुकानाच्या वरची खोली घेतली. गेम कव्हरचं काम बंद केलं. कुणी विचारलंच तर माप सांगते, कण्याची जागा दाखवते, पण छापून देत नाही.

दिवाळीच्या सुमारास आई जिना चढून वर आली. हातात डबा होता, घावणे आणि नारळाचा रस. बसली, दम खाल्ला, खोली न्याहाळली.

"घरी ये गो," म्हणाली.

"सुजयला एकदा तरी विचारलंस, असं का केलंस म्हणून?"

आई पदराशी चाळा करत राहिली. "त्याला काय विचारायचं? तो मुलगा आहे. उद्या मला बघणार तोच ना."

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात बसून राहिली होती राजश्री. बाबांच्या शेवटच्या आजारपणात त्यांना कुशीवर वळवणारीही तीच. तिनं यातलं काहीच काढलं नाही. आईला जिन्यावरून हात धरून खाली आणलं, रिक्षात बसवलं, रिक्षावाल्याला घर नीट समजावून सांगितलं.

वर येऊन ती घावणे खायला बसली. भूक लागली होती, आणि आईच्या हातची चव तीच होती. दोन घावणे खाल्ले तोवर डोळे भरून वाहायला लागले, तरी ती खातच राहिली. मग डबा घासून पुसून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः न जाता मांडवीला जाणाऱ्या रिक्षावाल्याच्या हाती परत पाठवला.