अकोल्याचा खारट सोडा

आमचे सासरे, आप्पा, एका जागी बसलेले मी फारसे पाहिले नाहीत. वर्तमानपत्रसुद्धा ते ओसरीत येरझारा घालत मोठ्याने वाचायचे, त्यामुळे आम्हाला बातम्या तुकड्यातुकड्यांनी कळायच्या. ओसरीच्या या टोकाला मंत्री शपथ घ्यायचा आणि त्या टोकाला कापसाचा भाव पडायचा. मधलं आम्ही आपापल्या अकलेने जोडून घ्यायचो.

हा माणूस थांबायचा तो एकाच ठिकाणी. कचेरीतून येताना बऱ्हाणपुरातल्या आमच्या इतवारा पेठेत, उस्तादच्या दुकानी लिंबाचा गोटी सोडा, रोज एक बाटली, अर्थात उभ्यानेच. घरी आले की निकाल जाहीर. "आज पांचट होता." "आज काय नाकात गेला, वा!" दुकान तेच, उस्ताद तोच, मग चव रोज निराळी कशी, हा त्यांच्या जिवाला घोर. कधी दोष पाण्याला, कधी उन्हाला, कधी बाटलीच्या रबराला. उस्ताद वैतागून म्हणायचा, "बाबूजी, पानी वही, गैस वही, शक्कर वही. आप ही रोज बदलके आते हो, तो मैं क्या करूँ?"

मी अमळनेरची, नवी नवरी, आणि माहेरचा तोरा अजून उतरलेला नव्हता. एकदा बोलून गेले, "आमच्याकडचा सोडा याहून झणझणीत असतो." सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, डोळे वटारले. आप्पा मात्र येरझारा थांबवून पुढ्यात उभे. "विहिरीच्या पाण्याचा की नदीच्या? आणि प्यायच्या आधी काय खाल्लं होतंस?" आमच्या गावात सोडा मिळतो, यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. पण बोलले होते, ते भोवलं. आप्पा माझ्यासाठी ओल्या फडक्यात गुंडाळून बाटल्या घरी आणू लागले. आधी इथली दराबा मिठाई खाऊन पी, मग चिंच चाटून पी. गोड दराब्यावर तोच सोडा आंबट लागे, आणि चिंचेवर गोड. "बघ सूनबाई," आप्पा खूश होऊन म्हणायचे, "सोडा बाटलीत अर्धाच असतो. उरलेला अर्धा आपण तोंडात घेऊन येतो."

माईंनी बाटलीला कधी हात लावला नाही. "ढेकर यायला मला मुळा बस होतो," म्हणायच्या.

राज्यांची नव्याने जुळवाजुळव चालली होती ती त्याच सुमारास. नागपूर-अकोला मुंबईच्या बाजूला गेलं, आमचं बऱ्हाणपूर भोपाळच्या. कचेरीतल्या मराठी माणसांत एकच विषय, थांबायचं की तिकडे जायचं? आप्पांना अकोल्याला बढतीची जागा मिळत होती. त्या दिवसांत त्यांच्या येरझाराही लांब ढांगांच्या झाल्या. "तिथं नाटकं येतात, सूनबाई! काम मराठीत. माणसाने एकदा तरी हलून बघावं."

माईंचा जीव मात्र टांगणीला लागला होता. नवऱ्याच्या चुळबुळीपायी इतवाऱ्यातल्या इतवाऱ्यातच त्यांनी तीन बिऱ्हाडं बदलली होती, आणि दर वेळी चूल स्वतःच्या हातांनी घातली होती. एका संध्याकाळी भाकरी थापताना मला म्हणाल्या, "ते म्हणतील तिथं जाईन गं. पण चौथी चूल घालायचं बळ आता नाही माझ्यात." आप्पा तेव्हा मागल्या दारी पाय धूत होते. पाण्याचा आवाज मध्येच थांबला, एवढं मला आठवतं.

पुढे ते जागा बघायला अकोल्याला गेले आणि तोंड वाकडं करून परतले. "छे! स्टेशनाबाहेरच सोडा प्यालो. खारट! असल्या पाण्याच्या गावात कोण राहील?" आणि वर कळवूनही टाकलं, आम्ही इथेच.

सोड्यापायी बढती सोडणारा बाबू म्हणून सगळं गाव हसलं. आप्पाही हसायचे. मी तर ही गोष्ट घरातल्या प्रत्येक लग्नकार्यात सांगितली, त्यांच्यासारखंच तोंड वाकडं करून. पोरं आता मी सुरुवात करायच्या आधीच हसतात. गोष्टीला की माझ्या तोंडाला, ते मी विचारत नाही. आप्पा उतारवयात हिंदीचं शुद्धलेखन गिरवत त्याच खुर्चीवरून निवृत्त झाले. संध्याकाळी स्टेशनावर जायचे, भुसावळकडची, म्हणजे अकोल्याच्या वाटेची, गाडी सुटली की घरी यायचे.

ते गेले, आणि त्यांच्या येरझारा माईंच्या पायांत उतरल्या. एक दिवस म्हणाल्या, "मला अकोल्याला ने." तिथं आमचं कुणीही नव्हतं. तरी गेलो. स्टेशनाबाहेर सोड्याचं एक जुनं दुकान होतं. माई सरळ तिकडेच. आयुष्यातली पहिली बाटली त्यांनी पदर सावरून तोंडाला लावली. एक घोट घेतला, थांबल्या, पुन्हा एक घेतला.

"पाणी कुठलं रे, बाबा?"

"आमच्याच विहिरीचं, आजी. आजोबांपासून तीच."

"पूर्वी खारट होतं का?"

दुकानदार दुखावलाच. "खारट? गावात असेल कुठं खारं. ही विहीर गोडी, म्हणून तर आजोबांनी दुकान इथं टाकलं!"

माईंनी बाटली पार रिकामी केली. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात म्हणाल्या, "नुसतं एकदा 'चल' म्हणायचं. कुरकुरत का होईना, आले असते की मी."

आणि परत फिरायचं सोडून त्या समोरच्या गल्लीत शिरल्या. अशा भराभर चालू लागल्या की मला गाठवेना. एकेका दारापुढे थांबायच्या, आत डोकावायच्या, मान हलवून पुढे जायच्या. शेवटी एका घरासमोर उभ्या राहिल्या.

"हे बरं होतं बघ," म्हणाल्या. "मागे परसू आहे, आणि स्वयंपाकघरात उजेडही चांगला येतो."