बसलेल्या ताईची उंची

ताईच्या गाडीसाठी मिस्त्रीने पाच मापं मागितली होती. तिच्या चाकांच्या खुर्चीची रुंदी, लांबी, जमिनीपासून सीटची उंची, पाय ठेवायची पट्टी किती पुढे येते ते, आणि सीटपासून बसलेल्या माणसाच्या डोक्यापर्यंतची उंची. पहिली चार मी टेप लावून घेतली. त्या वेळी ताई आत पलंगावर होती आणि तिची खुर्ची हॉलमध्ये रिकामी होती. पाचव्या मापासाठी खुर्ची आत नेऊन तिला बसायला सांगावं लागलं असतं. मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीचा फोन आला तेव्हा मी पेपरच्या ऑफिसात होतो, पान छपाईला सोडायची वेळ झाली होती. मी म्हणालो, "सव्वीस इंच धरा. बुटकीच आहे ती."

ताई बुटकी नाही. हे मला एकावन्नाव्या वर्षी कळलं.

ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. वडील खानदेशातून पांडेसऱ्यातल्या डाइंग मिलमध्ये कामाला आले तेव्हा ती आईच्या कडेवर होती आणि पोलिओ होऊन गेलेला होता. पुढे कॅलिपर आणि कुबड्यांवर ती शिकली, मराठी शाळेत शिक्षिका झाली. मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर तिने वीसेक वर्षं चालवली. कुबड्यांनी खांदे झिजले. हातांवर शरीर पेलणं पूर्ण बंद करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून घरात बॅटरीवर चालणारी खुर्ची आली. ती जड आहे, रिक्षात मावत नाही. त्यामुळे शाळेत एक साधी खुर्ची ठेवली आणि ये-जा रिक्षाने सुरू झाली.

रिक्षात बसवायचं म्हणजे दोघांनी उचलायचं. एकाने बगलेखाली हात घालायचे, दुसऱ्याने गुडघ्यांखाली. घरी मी आणि रिक्षावाला, शाळेच्या फाटकाशी शिपाई आणि रिक्षावाला. दिवसातून चार वेळा. शाळेतलं उचलणं प्रार्थनेच्या आधी होत असे, मुलं आत येत असताना. एकदा जेवताना ती म्हणाली, "पोरं बाजूला होऊन वाट देतात रे. गप्प होतात. तेच नको वाटतं."

निवृत्तीला तीन वर्षं होती. एवढी तीन वर्षं कुणी न उचलता शाळेत जायचं, एवढंच तिला हवं होतं. गाडी तिच्या पैशाने घ्यायची होती.

गाडीचे दोन प्रकार होऊ शकत होते. पहिल्यात गाडी नेहमीसारखीच, फक्त ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताने चालवायचा दांडा बसवलेला. त्यात चालवणाऱ्याने सीटवर जाऊन बसायचं आणि खुर्ची मागे टाकायची. दुसऱ्यात एक छोटी, गिअर नसलेली व्हॅन घ्यायची, तिचा तळ खाली घ्यायचा, मागच्या दारातून उतार काढायचा आणि चालकाची सीट काढून टाकायची. खुर्चीसकट आत जायचं, थेट स्टिअरिंगपाशी. तिथे खुर्ची खटक्यात अडकते. ताईला दुसरी हवी होती. मी पहिलीच्या बाजूने होतो.

माझी कारणं मी कागदावर लिहून काढली होती. विकताना गिऱ्हाईक मिळणार नाही. सोसायटीत मागे उतार काढायला जागा लागेल. आरटीओची मंजुरी वेळखाऊ आहे. घरात कुणाला अचानक दवाखान्यात न्यायची वेळ आली तर ती गाडी दुसऱ्या कुणाला चालवता येणार नाही. सगळी कारणं खरी होती. यादीत नव्हतं ते असं, की माझी सासुरवाडी बारडोलीची आहे आणि आमच्याकडे गाडी नव्हती. रविवारी ही गाडी मी चालवणार, हे मी मनात धरून चाललो होतो. आरशाला काय लटकवायचं तेही ठरलं होतं.

उधन्यातल्या मिस्त्रीने हे ओळखलं असावं. तो पूर्वी यंत्रमागाचे भाग बनवायचा, आता अशा गाड्या करतो. पहिल्याच भेटीत तो मला गुजरातीत म्हणाला, "साहेब, सीट काढी नाखीए, पछी गाडी बेन ज चलावशे. बीजुं कोई नहीं." सीट काढली की गाडी ताईच चालवणार, दुसरं कुणी नाही. मग त्याने विचारलं, "घेर पूछ्युं छे ने?"

घरी विचारलंय, असं मी सांगितलं.

बातमी ज्याच्याविषयी आहे त्याची बाजू घेतल्याशिवाय मजकूर पुढे सोडायचा नाही, हा डेस्कवरचा नियम. नव्या वार्ताहरांना मी तो अनेकदा ऐकवला आहे, काहींना चारचौघांत. या गाडीसाठी मी मिस्त्रीशी बोललो, आरटीओच्या एजंटशी बोललो, डॉक्टरांशी बोललो, सोसायटीच्या सेक्रेटरीशी दोनदा बोललो. ताईशी माझं बोलणं व्हायचं ते मी तिला काय ठरलं ते सांगायचो त्या वेळी. शेवटी दुसरी गाडी ठरली ती माझ्यामुळे नव्हे. तिने एका संध्याकाळी चहा घेताना, कप खाली न ठेवता, मिस्त्रीला फोन लावून ॲडव्हान्स कुठे पाठवायचा ते विचारलं.

गाडीचा तळ कापून झाल्यावर मिस्त्रीने बेनला घेऊन यायला सांगितलं. त्याचा कारखाना घरापासून दीड किलोमीटरवर आहे. ताई रस्त्याच्या कडेने खुर्ची चालवत आली, मी बाजूने चालत होतो. तिने शाळेच्या कार्यक्रमाला नेसायची साडी नेसली होती आणि केसांना नवी क्लिप लावली होती. मागचं दार उघडं होतं, उतार खाली टेकवलेला होता. मिस्त्री म्हणाला, "आवो बेन, तमारी गाडी."

ती उतारावर चढली. खुर्ची वर आली, पुढची चाकं आत गेली आणि दाराच्या वरच्या पट्टीवर तिचं कपाळ आपटलं. आवाज मोठा नव्हता. क्लिप तुटून खाली पडली ती उतारावरून घसरत माझ्या बुटापाशी आली. वेल्डिंग करणाऱ्याने हातातलं काम थांबवलं.

ताईने कपाळाला हात लावला, हात पाहिला, रक्त नव्हतं. मग मान वळवून मला अहिराणीत म्हणाली, "मनं डोकं मोजानं राही गयं का रे, भाऊ?"

ती हसली म्हणून सगळे हसले. मिस्त्री हसला नाही. त्याने टेप काढला, तिच्यासमोर वाकून परवानगी मागितली, "बेन, रजा होय तो माप लऊं?" तिने मान हलवली. त्याने सीटपासून डोक्यापर्यंत टेप धरला आणि म्हणाला, "बत्रीस." मग वही उघडून पान माझ्याकडे वळवलं. तिथे सव्वीस लिहिलेलं होतं, खाली माझ्या फोनची वेळ.

मी ताईला जन्मभर वरून पाहत आलो होतो. मी उभा, ती बसलेली. तिच्या पायांवरून मी तिची सगळीच उंची ठरवली होती. कमरेपासून वर ती वडिलांसारखी आहे, माझ्यापेक्षा लांब पाठीची. हे पाहायला तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसणं पुरेसं होतं.

पण यापेक्षा वाईट गोष्ट वेगळी आहे. माप मी मुद्दाम चुकवलं नव्हतं, हे कुठेही सांगायला तयार आहे. मात्र बत्तीस ऐकलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आणि कुणी काही म्हणायच्या आत मी बोललो, "म्हणजे हे काही जमणारं नाही. मग ती सीटवालीच बरी. तिला दांडा बसवून लगेच मिळेल, आरटीओचाही त्रास कमी."

ताई अजून उतारावरच होती, अर्धी आत, अर्धी बाहेर.

"हेडिंग आधीच लावून ठेवलं होतंस वाटतं," ती म्हणाली.

परत येताना ती पुढे होती आणि मी मागे. रेल्वेच्या पुलाखाली तिने खुर्ची थांबवली.

"एक सांग. त्या सीटवर मी चढणार कशी?"

"मी आहे ना."

"आणि शाळेपाशी उतरताना?"

"शिपाई आहेच की."

"तेच," ती म्हणाली आणि खुर्ची चालू केली.

पुढच्या शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा आटोपून ती घरी आली आणि खुर्ची घेऊन एकटी कारखान्यात गेली. तिचं आणि मिस्त्रीचं काय बोलणं झालं ते मला नंतर त्याच्याकडून समजलं. तळ माझ्या मापाने एकदा कापून जोडलेला होता. तो अजून चारच इंच खाली जाऊ शकत होता. तरी दोन इंच कमी पडत होते. तिने खुर्चीवरची जाड गादी काढली, मिस्त्रीच्या हातात दिली आणि पुन्हा माप घ्यायला सांगितलं. आता ती पातळ गादीवर बसते. दुपारनंतर तिची पाठ धरते. घरी आल्यावर ती गरम पाण्याची पिशवी मागते आणि गादीचा विषय काढत नाही.

आरटीओत ती तिच्या शाळेतल्या एका बाईंना घेऊन गेली. मला सुट्टी होती, मी घरीच होतो.

गाडी आली तेव्हा बायकोने चार चाकांखाली चार लिंबं ठेवली आणि ओवाळलं. लिंबांवरून गाडी पुढे घ्यायची ती घरातल्या पुरुषाने, असं आमच्याकडे चालत आलेलं आहे. मी रीतीप्रमाणे चालकाच्या दारापर्यंत गेलो, दार उघडलं. आत बसायला काही नव्हतं. लोखंडी पट्टी, खटका आणि स्टिअरिंग. मी दार लावलं. ताई मागून आत आली आणि तिने गाडी पुढे घेतली. सोसायटीतले लोक पाहत होते. मी नारळ हातात धरून उभा होतो.

काढलेली सीट मिस्त्रीने टेम्पोतून घरी पाठवली. पुढेमागे विकायची झाली तर लागेल, असं त्याचं म्हणणं. आमचं घर तळमजल्यावर आहे. सीट गॅलरीत ठेवली, तिच्यावर प्लास्टिक तसंच होतं. दोन-तीन दिवस मी तिच्याकडे पाहिलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी ताई शाळेला निघताना म्हणाली, "बस की तिच्यावर. सीट तुलाच हवी होती ना."

मी बसलो. तिच्यासमोर नाही म्हणता आलं नाही.

आता रोज सकाळी पेपर मी तिथेच वाचतो. समोर पार्किंग आहे. सव्वानऊला ती बाहेर येते, उतार खाली टेकतो, खुर्ची वर चढते. दाराशी ती मान झुकवते. आता गरज नाही, अर्धा इंच मोकळा आहे, मिस्त्रीने तिला दोनदा दाखवून दिलं. तरी ती झुकवते.