माझे डोळे उघडे होते

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण — कारण काही नाही. सांगतेय झालं.

मुलुंडला आमच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी सात वाजता मी ध्यानाचा वर्ग घेते. क्लबहाऊसमध्ये. योगा मॅट, एक छोटी पितळी घंटी. दहा दिवसांचं शिबिर मी चार वेळा केलंय, त्यामुळे जमतं. आवाजही तसा लावता येतो — हळू, गोड, शब्दाशब्दाला थांबणारा. त्या आवाजाची मला किळस येते. का, तेच सांगायचंय, पण आधी दुसरं सांगावं लागेल.

मी जन्माने बौद्ध आहे. सोसायटीत हे कुणाला माहीत नाही. आमचं आडनाव असं आहे की त्यावरून काही कळत नाही, आणि मीही कळू दिलं नाही. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे, पण ती हल्ली सगळ्यांच्याच हॉलमध्ये असते, शोभेची, बाजूला मनी प्लांट. निळ्या कोटातली तसबीर मात्र बेडरूमच्या कपाटात, साड्यांच्या मागे. माझी आई, सिंधूबाई, गोवंडीच्या विहारात मुलांकडून पंचशील पाठ करून घ्यायची. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते म्हणताना ती एकेकाच्या तोंडाकडे बघायची.

शोभा त्याच विहारातली. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. रस्ता ओलांडताना माझा हात धरायची. तीन वर्षांपूर्वी ती कंत्राटदाराकडून आमच्या सोसायटीत झाडलोटीला आली. लिफ्टपाशी तिने मला लगेच ओळखलं. "तू सिंधूबाईंची सुनी ना गं?" शेजारचे काका लिफ्टची वाट बघत उभे होते. मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही, मोबाईलमध्ये बघत राहिले. ती समजली. दुसऱ्या दिवसापासून मला मॅडम म्हणायला लागली. बघा, एवढं सांगून झालं तरी मला वाटतंय, पुरे की आता. पण पुरे नाही.

मग एका रविवारी वर्ग अर्ध्यावर आला होता. सगळ्यांचे डोळे मिटलेले. शिकवणाऱ्याचे मिटलेले नसतात — कोण पेंगतंय, कोण चुळबुळतंय, बघावं लागतं. काचेच्या दाराबाहेर पाण्याचा फिल्टर आहे. शोभाने तिथला ग्लास घेतला आणि पाणी प्यायली. एवढंच. सेक्रेटरी तिच्या अंगावर ओरडायला लागले, "हा ग्लास मेंबरांचा आहे. तुम्हा लोकांना खाली नळ दिलाय ना?" तुम्हा लोकांना. पाणी आणि असले शब्द एका वाक्यात कानावर आले की काय करायचं, हे आमच्या घरात बाराखडीच्या आधी शिकवतात. मी काय केलं?

मी तो आवाज लावला. म्हणाले, "बाहेर आवाज आहे. नुसता आवाज. त्याला अर्थ देऊ नका. येऊ दे… जाऊ दे."

वीस माणसांनी श्वास सोडला. शोभा म्हणत होती, "साहेब, तीन जिने झाडले, तहान लागली हो." तोही नुसता आवाज. मग तिने काचेतून आत बघितलं. माझ्याकडेच. मी तिच्याकडे. किती वेळ? दोन श्वास असतील — मला मोजायची सवयच आहे ना. तिने ग्लास धुतला, पालथा घातला आणि गेली. मी घंटी वाजवली, सगळे प्राणी सुखी होवोत असं सगळ्यांकडून म्हणवून घेतलं. नंतर पहिल्या मजल्यावरच्या ताई म्हणाल्या, "काय मस्त हँडल केलंत तुम्ही." मी थँक्यू म्हणाले.

आणि हेही अजून ते नाही.

मंगळवारी मला सोसायटीच्या ऑफिसात बोलावलं. सेक्रेटरींचं म्हणणं, बाईने त्यांना शिवी दिली. कंत्राटदाराचा सुपरवायझर बसला होता. शोभा भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "मी काय बोलले ते मॅडमना विचारा. त्या बघत होत्या." सुपरवायझरने माझ्याकडे बघितलं. मला फक्त एवढं म्हणायचं होतं — शिवी दिली नाही, मी पाहिलं, मी ऐकलं. तिची नोकरी तेवढ्यावर होती आणि ते मला कळत होतं. नाही कळलं, असं मी म्हणणार नाही.

मी म्हणाले, "आम्ही ध्यानात होतो. माझे डोळे मिटलेले होते."

शांतपणे म्हणाले. पाठ ताठ, श्वास सुरळीत, त्याच गोड आवाजात. अडखळले असते, घाम फुटला असता, तरी निदान माणसासारखं वाटलं असतं. इतक्या वर्षांच्या साधनेतून मी हे कमावलं — खोटं बोलताना छाती धडधडत नाही. शोभाने वाद घातला नाही. "बरं मॅडम," म्हणाली. त्याच आठवड्यात तिला काढलं. कुठे गेली, मी विचारलं नाही. गोवंडी इथून पाऊण तासावर आहे.

भीती कसली होती? कोण काय करणार होतं मला? फ्लॅट माझा आहे. फार तर हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नसतं. तेवढ्यासाठी मी एका बाईची भाकरी घालवली, जिने माझा हात धरून मला रस्ता ओलांडून दिला होता. सांगतानासुद्धा तोंड कडू होतं.

वर्ग चालू आहे. आता तीस माणसं येतात. मी सांगते, डोळे मिटा, जे आहे ते आहे तसं बघा. माझे उघडे असतात. फक्त आता मी दाराकडे पाठ करून बसते. कुणी विचारलंच तर सांगते, काचेतून ऊन डोळ्यांवर येतं.